लाल डोळे घालवायचं बटण

"जरा उजळ करा." नोकरीच्या शेवटच्या बारा वर्षांत हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा मला कुणी "जेवलात का" असंही विचारलं नसेल. केकवाला म्हणायचा, जरा उजळ करा. दातांचा डॉक्टर म्हणायचा, जरा उजळ करा. एका गृहस्थांनी आपल्या दुकानातल्या काळ्या छत्रीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, जरा उजळ करा. काळी छत्री उजळ केली की राखाडी होते आणि राखाडी छत्री तुम्ही विकत नाही, असं मी त्यांना फोनवर समजावलं. ते म्हणाले, "मॅडम, काळीच ठेवा, पण उजळ करा." मी फोन ठेवला आणि पेलाभर पाणी प्यायले.

माझं काम होतं वेबसाइटसाठी फोटो सुधारायचं. दादरला फुलबाजाराच्या मागच्या गल्लीत विनीतचं ऑफिस आहे. तीन टेबलं, चार संगणक आणि एक पंखा. छोट्या दुकानदारांना वेबसाइट करून द्यायच्या हा त्याचा धंदा. विनीत मालक, पण वयाने माझ्या मुलाएवढा. तो मला सुलभाताई म्हणायचा आणि मी त्याला अरे-तुरे करायची. गिऱ्हाइकं आपापल्या मोबाइलवर काढलेले फोटो पाठवायची. वाकडे, काळोखे, कडेला कुणाचा तरी अंगठा आलेले. ते फोटो लोकांना दाखवण्याजोगे करायचे आणि वर हलकेही करायचे, म्हणजे समोरच्याच्या फोनवर पटकन उघडतील. एवढंच. पण हे "एवढंच" कुणाला कधी कळलं नाही. "तुम्हाला काय, एक बटण दाबायचं" असं म्हणणाऱ्या माणसाला मी माझी खुर्ची देऊ करायची. आजवर कुणी बसलं नाही.

सॉफ्टवेअर मात्र खरंच साधं होतं. मोठ्या जाहिरात कंपन्या वापरतात तसलं महागडं नव्हे. उजव्या हाताला उजेड आणि रंग कमीजास्त करायच्या पट्ट्या आणि वरच्या बाजूला चार बटणं: आपोआप सुधारा, डाग पुसा, चकाकी काढा, लाल डोळे घालवा. हे शेवटचं बटण अनेकांना ठाऊक नसतं. अंधारात फ्लॅश मारून फोटो काढला की माणसाचे डोळे लालभडक येतात. त्यावर टिचकी मारली की लाल जातं आणि तिथे काळपट रंग येतो. मी हे बटण डोळ्यांपेक्षा इतर गोष्टींसाठीच जास्त वापरलं. कुणाच्या गालावर मुरूम, कुणाचं सर्दीने लाल झालेलं नाक, आचाऱ्याच्या हातावरचा भाजल्याचा डाग. नको तिथे लाल दिसलं की टिचकी. ही युक्ती माझी स्वतःची, आणि मला तिचा अभिमान होता.

अभिमान असायला कारणही होतं. मी या धंद्यात आले ती गिरगावातल्या एका फोटो स्टुडिओतून. तिथे निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने काम करून चेहऱ्यावरचे डाग घालवायचे. लग्नाच्या मुलीच्या गालावरचा वण मी असा घालवायची, की आईला पोर ओळखू यावी आणि सासरच्यांना वण दिसू नये. पुढे स्टुडिओ बंद पडला, चाळिशीत संगणक शिकले, पण हात तोच. तेव्हा विनीतसारख्याने कालपरवा शिकलेल्या तोंडाने "ताई, आपोआपचं बटण दाबा ना, लवकर होईल" असं म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

गिऱ्हाइकंही एकेक नग. एका लॉजवाल्याला खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसायला हवा होता. मी विचारलं, "खिडकीतून आत्ता काय दिसतं?" म्हणाला, "समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी." म्हटलं, "मग?" तर म्हणतो कसा, "टाकीत पाणीच आहे ना मॅडम." विनीतने डोळ्यांनी खुणावलं आणि मी समुद्र घातला. चांगला घातला, लाटांसकट. पहिल्या पाहुण्याने ती खिडकी उघडली तेव्हा मी तिथे नव्हते, हे माझं नशीब. त्या वेळी मी हसले होते, हे कबूल करते.

जयवंतीबाई ऑफिसात आल्या त्या सुनेच्या मागोमाग. सून सुप्रिया, शिकलेली, एका कंपनीत नोकरी केलेली. सासू वरळीच्या कोळीवाड्यातली, परळच्या बाजारात चाळीस वर्षं मासळी विकणारी. त्यांची सगळी गिऱ्हाइकं नायगाव आणि डिलाईल रोडच्या चाळींमधली. आता पुनर्विकासासाठी चाळी रिकाम्या व्हायला लागल्या होत्या आणि माणसं मिळेल तिथे पांगली होती. कुणी भायखळ्याला, कुणी पार उपनगरात. त्यांना जयवंतीबाईंचीच मासळी हवी होती, पण रोज बाजारात येणं जमेना. म्हणून सुप्रियाने नोकरी सोडली होती आणि वेबसाइटवर मागणी घेऊन मासळी घरपोच करायचं ठरवलं होतं. हे चाललं नाही तर सासूचं गिऱ्हाईकही जाणार आणि सुनेची नोकरी तर गेलेलीच.

जयवंतीबाई खुर्चीवर बसल्या नाहीत. टेबलाला टेकून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "ही म्हनते मोबाइलवर मासली विकायची. मना सांग बाय, मोबाइलला वास येतो काय?"

"वास येत नाही, म्हणूनच फोटो चांगला लागतो," मी म्हटलं. हे वाक्य मला फार आवडलं आणि त्या दिवशी मी ते विनीतलाही दोनदा ऐकवलं.

सुप्रियाने सकाळी सकाळी बाजारात बसून चाळीसेक फोटो काढले होते. ते मी उघडले आणि कपाळाला हात लावला. आमचं घर गिरगावातलं आणि पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. मासळीबाजारावरून जायची वेळ आली तर आम्ही नाकाला पदर लावून पलीकडच्या फुटपाथवरून जाणारे. इथे तर प्रत्येक रावसाचा आणि सुरमईचा कल्ला जयवंतीबाईंच्या अंगठ्याने उचलून धरलेला आणि आत लालभडक. पापलेटांच्या अंगावर बुळबुळीत चकाकी. डोळे बाहेर आलेले आणि प्रत्येक डोळ्यात उजेडाचा पांढरा ठिपका. मला वाटलं, बिचाऱ्यांना फोटो काढायची अक्कल नाही. हे असलं बघून कोण काय विकत घेणार?

दोन दिवस खपून मी ते फोटो साफ केले. कल्ल्यांमधलं रक्त दिसत होतं, तिथे लाल डोळ्यांचं बटण. डोळ्यांतले पांढरे ठिपके पुसून टाकले. चष्म्याच्या काचेवरची चकाकी आम्ही नेहमी काढतो, तशीच. पापलेटं गुळगुळीत, स्वच्छ, पुसून ठेवलेल्या स्टीलच्या ताटलीसारखी केली. विनीत मागे उभा राहून म्हणाला, "ताई, एकदम फाइव्ह स्टार!" सुप्रियाने गडबडीत फोनवरच बघून होकार दिला. शुक्रवारी, मासळीचा वार म्हणून, साइट सुरू झाली.

त्या दिवशी मागण्या आल्या फक्त दोन, आणि त्या दोघांनी याआधी जयवंतीबाईंकडून कधी मासळी घेतलेली नव्हती. जुन्या गिऱ्हाइकांनी मागणी दिली नाही, फोन केले. डिलाईल रोडच्या एका मालवणी आजींनी तर सरळ विचारलं, "जयवंती, म्हातारपणात कुसकी मासळी इकूक लागलंस काय गो?"

शनिवारी मी ऑफिसात येऊन बसतेय तोच जयवंतीबाई आल्या. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला अख्खा रावस. तो त्यांनी माझ्या कीबोर्डशेजारी ठेवला आणि कागद उघडला. विनीत "अहो, अहो" करत उठला. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

"हा बघ," त्या म्हणाल्या. "आता तुझा दाखव."

मी पडद्यावर रावसाचा फोटो उघडला.

"कल्ला कसा हाय तुझा? काला. कल्ला काला झाला म्हंजे मासली मेल्याला दोन दिस झाले. डोला बघ. माझ्या रावसाचा डोला बाहेर, पानी चमकतं. तुझा खोल गेलेला. आनि ही पापलेटं! अंगावरची बुलबुलीत चमक सगली गेली. असा पापलेट मी मांजराला पन टाकनार नाय. चालीस वर्सं बसते बाय मी बाजारात. चालीस वर्सांत कोन मना शिली मासली इकते म्हनला नाय. तू एका दिसात म्हनवलंस."

मी काय केलं होतं ते मला तेव्हा कळलं. माशाचा ताजेपणा ओळखायच्या तीन खुणा, आणि तिन्ही मी निगुतीने पुसल्या होत्या. आळस केला असता, नुसते फोटो सरळ करून सोडले असते, तर काही बिघडलं नसतं. मेहनतीने घात केला. मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला.

जयवंतीबाईंचा आवाज मग उतरला. "तू मासली खातच नाय ना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी माझं बोट धरलं आणि रावसाच्या अंगावर दाबलं. "बघ, खड्डा पडला? नाय ना? लगेच वर आला. तो ताजा." अठ्ठावन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदा माशाला हात लावला. थंड होता, घट्ट होता, आणि वास मला वाटला होता तसा मुळीच नव्हता.

त्याच दिवशी मी मूळ फोटो परत लावले. फक्त सरळ केले आणि थोडा उजेड दिला. कडेचा अंगठा कापायला गेले तर त्या म्हणाल्या, "अंगठा ऱ्हाऊ दे. गिऱ्हाईक माझा अंगठा वलखतं." पुढचे दोन दिवस त्यांनी एकेका जुन्या गिऱ्हाइकाला स्वतः फोन केला. "फोटोवाली बाय मासली खात नाय गो, तिची काय चूक!" असं सांगून त्यांनी माझीच बाजू घेतली. हळूहळू मागण्या सुरू झाल्या. चार-सहा महिन्यांत रविवारच्या मागण्या शनिवारी दुपारीच भरून जायला लागल्या. पांगलेली माणसं पुन्हा जयवंतीबाईंच्या मासळीवर आली.

त्या अधूनमधून ऑफिसात डोकावायच्या. नवीन फोटो असले की माझ्याशेजारी बसून दाखवायच्या, हा का चांगला, हा का नाही. मला नाद लागला. घरी वरण-भात खाणारी मी, पण बांगड्याच्या डोळ्यांवरून तो सकाळचा की संध्याकाळचा ते सांगायला लागले. माझा मुलगा म्हणायचा, "आई, तू पोहता न येता पोहण्याचे वर्ग घेशील." मला ते आवडायचं.

साधारण वर्षाने विनीतकडे एक मोठं गिऱ्हाईक आलं. नाव लिहीत नाही. त्यांचं शीतगृह होतं, बाहेरून गाड्या भरून मासळी यायची आणि परळच्या नव्या टॉवरांमध्ये त्यांना ती विकायची होती. फोटो आले. मी बघितले आणि विनीतला म्हटलं, "अरे, हा माल शिळा आहे. कल्ले बघ, डोळे बघ."

"ताई, मासा शिळा आहे की फोटो, ते आपण कोण ठरवणार? आपण फोटो सुधारतो."

"कल्ला काळा आहे तो फोटोमुळे नव्हे."

"बरोबर," विनीत म्हणाला. "म्हणून तर तुमच्याकडे दिलं. ऑफिसात मासळीतलं तुमच्याशिवाय कुणाला कळतं?"

मी नाही म्हणायला हवं होतं. त्याने मला काढून टाकलं नसतं; तेवढी त्याची हिंमत नव्हती. फार तर त्याने स्वतः आपोआपचं बटण दाबलं असतं, आणि त्या बटणाने मेलेला मासा आणखी मेलेला दिसला असता. हेच मला बघवलं नसतं. खरं सांगायचं तर माझ्या हाताला खाज सुटली होती. मला येतंय, हे मला बघायचं होतं.

त्या सॉफ्टवेअरमध्ये एका फोटोतला रंग उचलून दुसऱ्या फोटोत भरायची सोय आहे. मी जयवंतीबाईंच्या रावसाचा फोटो उघडला आणि त्याच्या कल्ल्यातला लाल उचलला. त्यांच्या पापलेटांवरची चकाकी उचलली. डोळ्यातला पांढरा ठिपका तिथून आणून इथे ठेवला. एका दुपारचं काम. संध्याकाळी पडद्यावर जी मासळी होती ती बघून कोळीवाड्यातल्या माणसानेही पिशवी पुढे केली असती. विनीतने फोटो लगेच साइटवर चढवले. मी घरी जाताना खुशीत होते. तेही लिहिलं पाहिजे.

पुढचं व्हायचं तेच झालं. टॉवरांमधल्या लोकांनी हौसेने मागवलं, आणि घरी आलं ते वेगळंच. मग त्यांच्या मोबाइलवरच्या गटांमधून सगळीकडे पसरलं, की नेटवरच्या मासळीचे फोटो रंगवलेले असतात, कुणाकडूनही घेऊ नका. कुणाकडूनही, यात जयवंतीबाई आल्याच. ज्या घरांनी त्यांच्याकडून नुकतं घ्यायला सुरुवात केली होती ती थांबली. मग पांगलेल्या जुन्या गिऱ्हाइकांच्या सुना-मुलीही कचरायला लागल्या. रविवारच्या मागण्या निम्म्यावर आल्या.

एका दुपारी सासू-सून दोघी आल्या. सुप्रिया दारापाशीच थांबली. जयवंतीबाईंनी तिचा मोबाइल माझ्यासमोर धरला. त्या शीतगृहवाल्याची साइट होती. ती आम्ही केली हे त्यांना माहीत नव्हतं. आमचं नाव त्यावर कुठेच नसतं.

त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. "हा रावस शिला हाय, बाय. पोट बघ, कसं फुगलंय. पन कल्ला बघ. डोला बघ. रंगवलाय." पोटाचं त्यांनी मला कधी शिकवलं नव्हतं. "आनि एक सांगू? ज्यानं हा रंगवलाय ना, त्याला मासली कलते. ज्याला मासली कलत नाय त्याला असं जमायचं नाय. आपल्यातलाच कोन तरी हाय. कोन असंल गो?"

विनीत त्याच्या पडद्यात डोकं घालून बसला होता. सुप्रिया माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "कुणास ठाऊक."

"तू काय तरी कर," जयवंतीबाई म्हणाल्या. "तुझा हात चांगला हाय. माझे फोटो खरे हायत, असं बघनाऱ्याला दिसंल, असं कर."

मी खुर्चीत बसले, त्यांचे फोटो उघडले आणि पट्ट्यांवरून बाण फिरवत राहिले. उजेड, रंग, उजेड. काय करणार होते? त्यांचा खरा कल्ला आणि मी केलेला कल्ला, दोन्हीतला लाल एकच होता. मीच तो तिथून उचलला होता. हा खरा आणि तो खोटा, हे दाखवणारं बटण त्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हतं, कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही. मी "बघते" म्हणाले. त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून गेल्या.

आठवड्याने सुप्रियाचा निरोप आला, "सगळे फोटो काढून टाका. नुसती नावं आणि आईंचा फोन नंबर राहू दे." मी काढले. शेवटचा फोटो रावसाचा होता, अंगठ्यासकट. सुप्रिया पुन्हा नोकरीला लागली. शीतगृहवाल्याने नाव बदललं आणि नवी साइट दुसऱ्या कुणाकडून करून घेतली. मी वर्षभराने निवृत्त झाले. विनीतने शाल दिली, छोटं भाषण केलं आणि भाषणात म्हणाला, "ताईंच्या हातात जादू आहे." मला तिथून उठून जावंसं वाटलं.

जयवंतीबाईंची साइट अजून आहे. पांढऱ्या पानावर माशांची नावं, आणि खाली, "काय ताजं आहे ते फोन करून विचारा." पूर्वीइतकं गिऱ्हाईक नाही. सुप्रिया दिवाळी अंक वाचते, त्यामुळे मी लिहिलेलं हे तिच्या हाती पडेलच. तिला त्या दुपारीच कळलं होतं, असं मला वाटतं.

निवृत्तीनंतर एका सकाळी मी त्या नंबरवर फोन केला. सांगायचंच असं ठरवून, मनात वाक्यं जुळवून. पलीकडे बाजाराचा गलका. मी "हॅलो" म्हटलं, पण आवाज त्यांनी ओळखला नाही.

"बोल बाय, काय पायजे?"

जुळवलेलं वाक्य आलंच नाही. तोंडातून निघालं, "रावस."

"रावस आज नको घेऊ. कालचा हाय, बर्फातला. बांगडा सकाली आलाय, तो घे. नवीन हायस काय तू? मंग ऐक. मासली दारात आली की आदी कल्ला उघडून बघायचा. लाल नसंल तर परत दे, मी काय बोलनार नाय. हां, बोल. नाव काय लिवू?"

मी फोन ठेवला.